आरसा दोनदा लावून बघा : पैठणीच्या काठावरून कोड, एआय आणि क्यूबिट शिकताना

जालना, बीड, परभणीकडची पोरं भेटली की एकच विचारतात, सर एआय शिकू का फंक्शनल प्रोग्रामिंग शिकू का ते क्वांटम म्हणतात ते शिकू. २०२३ ला केंद्राने नॅशनल क्वांटम मिशनला ६००३.६५ कोटी मंजूर केले तेव्हापासून तर हा प्रश्न जास्तच येतोय. मी सगळ्यांना एकच सांगतो, तिन्ही एकदम शिका पण एका छोट्या कामावर शिका, आणि काम असं निवडा की झालेलं डोळ्याला दिसेल, घरात आईला दाखवता येईल, आणि चुकलं तर लगेच कळेल. कापडावरची नक्षी हे तसलं काम आहे. मी स्वतः हे शिकलो ते पैठणला मावशीच्या मागाशेजारी बसून, ती काठ विणत होती आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन तोच काठ कोडमध्ये उतरवायचा प्रयत्न करत होतो. खाली जे लिहिलंय ते सगळं त्याच कामाचं आहे, तुम्ही ह्याच क्रमाने करत चला.

नक्षीच का, तर माग हा मुळातच शून्य-एकचा धंदा आहे. उभा ताणा, आडवा बाणा, आणि प्रत्येक घरात एकच प्रश्न, इथे नक्षीचा रंग येणार का नाही. १८०४ ला फ्रान्समध्ये जॅकार्डने माग केला तो भोकं पाडलेल्या कार्डांवर चालायचा, भोक आहे का नाही एवढंच बघून, आणि तीच कार्डांची कल्पना पुढे इंग्रज गणितज्ञ बॅबेजने त्याच्या गणनयंत्रासाठी उचलली. म्हणजे विणकाम आणि कॉम्प्युटरचं नातं मी ओढून आणत नाहीये, ते पहिल्यापासूनच आहे.

आधी काय काय लागतं

चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. जुना लॅपटॉप असला तर चांगलं, नसला तर मोबाईलवर ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब, म्हणजे कोड लिहून चालवायचं ऑनलाइन पान, उघडतं, फक्त टाइप करताना बोटं दुखतात. कोलॅब फुकट आहे, पायथन ही कोड लिहायची भाषा त्यात आधीच असते. एक लक्षात ठेवा, लाइट गेली किंवा नेट तुटलं आणि बराच वेळ गेला की सेशन बंद पडतं आणि तुम्ही वरून टाकलेल्या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचे गठ्ठे, उडून जातात, परत टाकाव्या लागतात, त्यामुळे इन्स्टॉलची ओळ नोटबुकच्या सगळ्यात वरच ठेवा. सोबत कुठलाही एक एआय चॅटबॉट, फुकटवाला चालतो.

पहिली पायरी : वहीवर अर्धं पान

कॉम्प्युटर बंद ठेवा. वहीवर चार बाय चार घरं घ्या आणि नक्षीचा फक्त डावा अर्धा भाग काढा, रंगवलेलं घर म्हणजे १, रिकामं म्हणजे ०. माझं पहिलं पान हे होतं:

०००१
००११
०१०१
१११०

पूर्ण नक्षी काढायचा मोह होईल, काढू नका. उजवा भाग डाव्यातून आपोआप निघतो आणि तेच तर शिकायचंय.

दुसरी पायरी : फंक्शन म्हणजे काय ते हाताने

आता वहीवरच ह्या पानाचा आरसा काढा. प्रत्येक ओळ उलटी वाचायची, ०००१ चं १०००, ००११ चं ११००, असं. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवा:

□□□■■□□□
□□■■■■□□
□■□■■□■□
■■■□□■■■

हे रांगेने सहा-सात वेळा लावलं की नारळी काठासारखं टोकं-टोकं दिसायला लागतं. पहिल्यांदा हे वहीवर उतरलं ना तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून आठवतो.

आता ह्यात तुम्ही फंक्शनल प्रोग्रामिंग ऑलरेडी केलंय. आरसा नावाचं एक काम आहे, त्याला पान द्यायचं, ते नवं पान देतं, आणि जुन्या पानाला हात लावत नाही. तेच पान शंभर वेळा द्या, शंभर वेळा तेच उत्तर. ह्याला प्युअर फंक्शन म्हणतात. बाकी तीन शब्द ऐकायला येतील, मॅप, फिल्टर, रिड्यूस. दिंडीत एकजण बुक्का घेऊन प्रत्येकाच्या कपाळाला लावत जातो, तो मॅप, माणसं तेवढीच राहतात, प्रत्येकाला एकच काम होतं. ज्वारी चाळणं म्हणजे फिल्टर, काही दाणे वर राहतात काही खाली जातात. आणि सुटी फुलं एकेक ओवत शेवटी एक हार होतो तो रिड्यूस. एवढं पुरेसं आहे, ह्याच्या पुढची थिअरी नंतर वाचा. ह्याच्या मुळाशी असलेलं अलोन्झो चर्च ह्या गणितज्ञाचं लॅम्ब्डा कॅल्क्युलस १९३० च्या दशकातलं आहे, ते काही पळून जात नाही.

जुन्या पानाला हात लावत नाही, हे वाक्य मी सहज लिहिलं पण माझी एक अख्खी दुपार त्याच्यावर गेलीये. मी पान लिस्टमध्ये ठेवलं होतं आणि पायथनचं रिव्हर्स वापरलं, आता ते रिव्हर्स मूळ लिस्टच जागेवर उलटी करतं आणि परत काहीच देत नाही, त्यामुळे आरसा काढता काढता माझं मूळ पानच उलटं झालं, जोडल्यावर दोन्ही बाजू सारख्या यायला लागल्या, आणि मी चूक जोडण्यात शोधत बसलो. तेव्हापासून पान नेहमी टपलमध्ये ठेवतो. टपल बदलताच येत नाही, कोणी बदलायला गेलं तर पायथन तिथेच एरर देतं आणि तेच पाहिजे.

आता ही एक परीक्षा मनात ठेवा कारण पुढे परत लागणार आहे. आरसा दोनदा लावला तर मूळ पान जसंच्या तसं परत यायला पाहिजे. नाही आलं तर तुमचा आरसा खोटा आहे.

तिसरी पायरी : एआयकडून कोड, पण तुमच्या अटींवर

नव्या माणसाला हे माहीत नसतं की पायथन ३ मध्ये फंक्शनला देवनागरीत नाव देता येतं. डेफ, लॅम्ब्डा वगैरे त्यांचे शब्द इंग्रजीतच, कोडमधले आकडेही इंग्रजीच, पण तुमची नावं मराठी चालतात. मराठवाड्यातल्या झेडपीच्या शाळेत शिकलेल्या पोराला हे फार कामाचं आहे, अर्धी भीती इथेच जाते. पान असं लिहायचं:

पान = ("०००१", "००११", "०१०१", "१११०")

आणि एआयला सरळ मराठीत सांगायचं. मी हे असं सांगतो:

"मला पायथनमध्ये तीन फंक्शन लिहून दे, नावं देवनागरीत ठेव: आरसा, जोड, बदल. चौकट म्हणजे सारख्या लांबीच्या स्ट्रिंगांचा टपल. आरसा प्रत्येक ओळ उलटी करून नवा टपल देईल. जोड दोन चौकटी शेजारी शेजारी लावेल. बदल एका ओळीत शेजारची दोन घरं वेगळी असं किती वेळा होतं ते मोजेल. मूळ टपलला हात लावू नको. फॉर लूप नको, मॅप आणि झिप वापर. प्रत्येक ओळीवर मराठीत कॉमेंट लिही."

झिप म्हणजे दोन चौकटींच्या ओळी जोडीजोडीने देणारं फंक्शन. बघा ह्यात काय काय आहे. प्रत्येक फंक्शनला काय द्यायचं, त्यातून काय निघायला पाहिजे, आणि काय करायचं नाही. नुसतं पैठणीची डिझाइन करून दे म्हणाल तर ते सुंदर चित्र देईल पण त्यातून तुम्ही काहीच शिकणार नाही आणि ते विणताही येणार नाही. कोड आला की चालवायच्या आधी वाचा, न कळलेली ओळ त्यालाच विचारा, परत परत विचारा, ते कंटाळत नाही. मग हे चालवा:

काठ = जोड(पान, आरसा(पान))
आरसा(आरसा(पान)) == पान

दुसऱ्या ओळीला ट्रू आलं पाहिजे. आणि बदल ला काठाची तिसरी ओळ "०१०११०१०" द्या, उत्तर ६ आलं पाहिजे, आधी वहीवर बोटाने मोजून घ्या. एआयने लिहिलेल्या प्रत्येक फंक्शनसाठी हाताने काढलेलं एक तरी उत्तर तुमच्याकडे आधीच पाहिजे, त्याच्याशिवाय कोड घेऊ नका. मी हे फार गांभीर्याने सांगतोय, कारण ते चुकतं तेव्हाही तितक्याच आत्मविश्वासाने बोलतं.

इथे एक खड्डा आहे ज्यात सगळे पडतात. देवनागरी ० आणि इंग्रजी शून्य दिसायला सारखे असले तरी कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं आहेत. एआय मधेच इंग्रजी आकडे टाकतं, मग तुलना फॉल्स येते आणि डोळ्याला काही फरक दिसत नाही. उपाय सोपा आहे, तुलना करायच्या आधी आकडा इन्ट मधून काढा, म्हणजे लिहिलेल्या आकड्याचा खरा आकडा करणाऱ्या फंक्शनमधून, पायथनचं इन्ट देवनागरी आकडेही ओळखतं.

चौथी पायरी : मावशीची चाळणी

मी पहिला काठ प्रिंट काढून मावशीला दाखवला. तिने कागद मागावर ताण्याच्या खाली धरला, थोडा वेळ बघितलं, आणि बोट बरोबर तिसऱ्या ओळीवर ठेवलं.

"हे कामून असं तुटक केलंस रे?"

"पानात छिद्र दिसावं म्हणून मावशी."

"दिसतंय चांगलं. पण इथं किती वेळा रंग सोडायचा आन धरायचा, ह्या एका ओळीला एवढ्या कांड्या कोण हलवील?"

हाताने विणलेल्या पैठणीत नक्षीच्या प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते आणि रंग बदलतो तिथे धागे एकमेकांत अडकवत जायचं असतं, म्हणून तर ती मागून-पुढून सारखी दिसते. म्हणजे ओळीत रंग जितक्या वेळा बदलेल तितकं काम वाढतं. मावशी डोळ्याने जे मोजत होती तेच आपलं बदल हे फंक्शन मोजतं. बाकी तीन ओळींत २ बदल, तिसरीत ६. पानाची तिसरी ओळ ०१०१ ची ०१११ केली की तिथेही २ झाले आणि मावशी म्हणाली, "हां, हे जमतंय."

मग मी फिल्टर लावला, ज्या काठाच्या कुठल्याही ओळीत ४ पेक्षा जास्त बदल असतील तो काठ बाद. आता चार बाय चार घरांची पानं एकूण ६५,५३६ होतात, सोळा घरं आणि प्रत्येकात दोन पर्याय म्हणून दोनचा सोळावा घात, ती सगळी कॉम्प्युटरला काढायला सांगा, चाळणीतून जाऊ द्या, आणि उरलेल्यातली पन्नासेक सुटी सुटी उचलून प्रिंट करून बघा. त्यातली कुठली चांगली हे कोड सांगू शकत नाही, एआयलाही विचारू नका, विणणाऱ्या माणसाला दाखवा.

संभाजीनगरच्या हिमरूला मात्र हा नियम लावू नका. तिथे नक्षीचा जादा बाणा असतो आणि मागच्या बाजूला मोकळे धागे राहतात, म्हणून तिथे बदल मोजण्यापेक्षा सलग रिकामी घरं किती ते मोजा, जितकी लांब रिकामी पट्टी तितका मागचा धागा लोंबतो. चाळणी प्रत्येक कलेची वेगळी असते आणि ती त्या कलेच्या माणसाला विचारूनच लिहायची.

पाचवी पायरी : क्यूबिट, आणि पदरावरची बुट्टी

इथे लोक घाबरतात, घाबरू नका, एकच क्यूबिट आणि तीन गेट लागतात. क्यूबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचं ०-१ चं घर, मोजलं की त्यातून ० किंवा १ निघतो, आणि गेट म्हणजे मोजायच्या आधी त्याच्यावर करायची क्रिया. कोलॅबमध्ये क्विस्किट (क्यूबिटचा कोड लिहायची लायब्ररी) आणि क्विस्किट-एअर (साध्या कॉम्प्युटरवर क्यूबिटची नक्कल करणारा सिम्युलेटर) दोन्ही इन्स्टॉल करा. क्विस्किट आयबीएमचं आहे, २०१६ ला त्यांनी पाच क्यूबिटचं मशीन नेटवरून लोकांना खुलं केलं तिथून हे सुरू झालं. एआयला कोड मागताना स्पष्ट लिहा की क्विस्किट १.० च्या नंतरची पद्धत पाहिजे, कोड चालवायची जुनी एक्झिक्यूट ही आज्ञा वापरायची नाही. २०२४ ला १.० आलं तेव्हा एक्झिक्यूट काढून टाकलं आणि एअर वेगळं पॅकेज आहे, पण नेटवर जुना कोड ढिगाने पडलाय आणि एआय तोच शिकलंय, त्यामुळे न सांगता मागितलं तर बऱ्याचदा जुनाच देतं आणि पहिल्याच ओळीला इम्पोर्ट एरर येते.

पहिला प्रयोग. क्यूबिट शून्यावर असतो. त्याला एच गेट लावा, म्हणजे हॅडामार्ड, आणि मोजा. हजार वेळा केलं तर साधारण निम्मे ० निम्मे १. पोरं म्हणतात सर हे तर नाणं झालं. बरोबर आहे, आता एच दोनदा लावा आणि मग मोजा. हजारच्या हजार ०. नाणं दोनदा उडवून कधी हमखास छापा येतो का, नाही येत. पण एच दोनदा लावला की मूळ परत मिळतं, अगदी आपल्या आरशासारखं. मोजायच्या आधीचं प्रत्येक क्वांटम गेट असं उलटं करता येतं, काहीच हरवत नाही, हरवतं ते फक्त मोजताना. म्हणून मोजणं नेहमी शेवटी. फंक्शनल प्रोग्रामिंग करणारे पण हेच सांगतात, प्रिंट करणं, फाइल लिहिणं असली न परतणारी कामं कडेला ठेवा, आतलं सगळं प्युअर ठेवा. मला ही दोन्हीकडची एकच गोष्ट आहे हे कळलं त्या दिवशी क्वांटमची भीती गेली.

दुसरा प्रयोग हा खरा नक्षीचा. दोन एचच्या मध्ये पी गेट टाका आणि त्याला एक कोन द्या. कोन ० असेल तर १ कधीच येत नाही. ६० अंशाला शंभरात २५ वेळा, ९० ला ५०, १२० ला ७५, आणि १८० ला शंभरच्या शंभर. म्हणजे कोन फिरवला की १ येण्याचं प्रमाण हळूहळू भरत जातं, आणि १८० च्या पुढे ३६० पर्यंत परत ओसरतं. आता पदर डोळ्यासमोर आणा. वरच्या ओळीला कोन ०, खाली येताना वाढवत जा, प्रत्येक ओळीत बारा जागा, १ आला तिथे बुट्टी, ० आला तिथे मोकळं. वर एकही बुट्टी नाही, मग विरळ विरळ, मध्ये गच्च भरलेली, परत विरळ. प्रत्येक वेळी चालवलं की वेगळा पदर, पण घडण तीच.

दोन गोष्टी सांभाळा. कोन रेडियनमध्ये द्यायचा असतो. मी सरळ ९० लिहिलं होतं आणि ५० च्या जागी ७२ च्या आसपास यायला लागले, मला वाटलं सिम्युलेटरच बिघडलाय. अंशाला पाय (π, साधारण ३.१४) ने गुणून १८० ने भागा. दुसरं, क्विस्किट सहसा काउंट्स देतं, म्हणजे किती ० किती १ एवढीच बेरीज, पण आपल्याला कुठल्या जागेवर काय आलं ते पाहिजे, म्हणून मेमरीचा पर्याय चालू करायला सांगा. तिथून येणारे आकडे इंग्रजी असतात हे विसरू नका, वरचाच खड्डा.

एन्टँगलमेंट, म्हणजे दोन क्यूबिट एकमेकांत गुंतवणं, ते वापरून डावा-उजवा काठ जोडायची कल्पना प्रत्येकाला सुचते, मलाही सुचली होती. एच आणि सीनॉट (पहिला क्यूबिट १ असेल तर दुसरा उलटा करणारं गेट) लावून दोन क्यूबिट सारखेच आणता येतात, करून जरूर बघा, शिकायला छान आहे. पण काठ सारखे करायला आपला आरसा पुरतो, तिथे दुसरा क्यूबिट लागत नाही.

आणि हेही समजून घ्या की सिम्युलेटर म्हणजे साधाच कॉम्प्युटर हिशोब करतोय, त्यातले ०-१ साध्या रँडम नंबरमधूनच येतात. खरं मशीन पाहिजे असेल तर आयबीएमचं अकाउंट काढा, थोडी मिनिटं फुकट मिळतात, नंबर लावून थांबावं लागतं. तिथे मोजताना अधूनमधून चूक होते, म्हणून सगळ्यात वरच्या मोकळ्या ओळीतही एखादी बुट्टी उगवू शकते. मी ती पुसत नाही.

नक्षी सोडून दुसरं काही

ज्याला कापडात रस नाही त्याने ढोलकी-तबला घ्यावा. केरवा आठ मात्रांचा, धा गे ना ति न क धि न, ह्याचा टपल करा, आरसा लावा, जोडा, आणि पीचा कोन वापरून कुठली मात्रा रिकामी सोडायची ते ठरवा. फंक्शनांची कल्पना तीच राहते, फक्त ओळीच्या स्ट्रिंगच्या जागी बोलांचा टपल येतो, त्यासाठी कोडमध्ये थोडा बदल लागू शकतो. चाळणी मात्र वाजवणाऱ्याला विचारून लिहा.

आणि हे डिझाइन छापून कापड विकणार असाल तर त्याला पैठणी म्हणू नका. पैठणीला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, आणि ते नाव त्या भागात हातमागावर बसणाऱ्यांच्या मेहनतीचं आहे.

मी प्रत्येक प्रिंटच्या मागे तारीख, पान, सुरुवातीचा आणि शेवटचा कोन, सिम्युलेटर का खरं मशीन, सगळं पेनाने लिहून ठेवतो, तुम्हीही ठेवा, कारण मोजलेला पदर परत तसाच येत नाही आणि कागद हरवला की गेला. मावशीने माझ्या सतरा प्रिंटांतून एक बाजूला काढलाय, १५० अंशावर थांबलेला, गच्च भरायच्या थोडं आधीचा. म्हणाली, "ह्याच्यात हात ठेवायला जागा हाय." पुढच्या महिन्यात माग मोकळा झाला की त्याचा वीतभर नमुना काढून बघणार आहे.